पाटी उचलू लागणारी बाई

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा जे इअरफोन घरी विसरून बसमध्ये चढलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लिखित रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे, म्हणजे' काढून टाकलेत.

आजची गोष्ट आमच्या दुधनीच्या स्टेशनापासून सुरू करतो. दुधनी म्हणजे सोलापूर जिल्ह्याचं कर्नाटकाकडचं टोक, अक्कलकोट तालुका. मोबाइल कधी महाराष्ट्राचं नेटवर्क पकडतो, कधी कर्नाटकाचं. घरात आजीला आजी कुणी म्हणत नाही, अव्वा म्हणतात. मुंबईहून चेन्नईला जाणारी लाइन गावातून जाते, पण बहुतेक मोठ्या गाड्या आम्हाला नुसती हवा देऊन निघून जातात.

मी अकरावी-बारावीला सोलापूरला अप-डाउन करायचो, तेव्हा आमच्या प्लॅटफॉर्मवर एक बाई राहायची. राहायची म्हणजे खरंच राहायची. एक बोचकं, एक जर्मनचा डबा आणि पाण्याच्या नळाजवळची जागा. पोरं तिला 'येडी' म्हणायची. मी म्हणायचो नाही, पण म्हणणाऱ्यांना थांबवायचोही नाही. एकदा तिने मला कानडीत काहीतरी विचारलं. माझ्या कानात गाणी होती. मी हाताने 'नाही नाही' केलं आणि पुढे सरकलो. तिने काय विचारलं होतं, ते मला आजही माहीत नाही.

पुढे मी इंजिनिअरिंगला गेलो, नोकरी लागली, पुण्यात आलो. ४ जानेवारी २०२२ ला पुण्यात सिंधुताई सपकाळ गेल्या. त्या रात्री माझ्या सगळ्या ग्रुपवर त्यांचेच फोटो. नऊवारी, मोठं कुंकू, डोक्यावर पदर. 'अनाथांची माय', 'हजारो लेकरांची आई', फुलं, हात जोडलेले. मीही एक स्टेटस टाकला. आणि मग एकदम दुधनीचा नळ आठवला. वाटलं, सिंधुताई प्लॅटफॉर्मवर गाणी म्हणत भीक मागत होत्या, तेव्हा मी तिथे असतो, तर काय केलं असतं? उत्तर मला माहीत होतं. हाताने 'नाही नाही' केलं असतं.

म्हणून आजचा भाग पद्मश्री मिळालेल्या माईंचा नाही. स्टेशनावरच्या सिंधूचा आहे. तिला तिथे कुणी जगवलं आणि कसं, एवढाच प्रश्न.

सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण २०१० चा अनंत महादेवन यांचा 'मी सिंधुताई सपकाळ' हा सिनेमा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. जन्म १४ नोव्हेंबर १९४८, वर्धा जिल्ह्यातलं पिंपरी मेघे. वडील अभिमान साठे, गुरं राखणारे. मुलगी नकोशी होती, म्हणून घरात नाव पडलं 'चिंधी'. फाटक्या कापडाचा तुकडा. वडिलांना मात्र तिने शिकावं असं वाटायचं. गुरं चारायला पाठवतो असं सांगून ते तिला शाळेत धाडायचे. तरी शिक्षण चौथीपर्यंतच झालं. खेळायच्या वयात लग्न, नवरा तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठा. विशीपर्यंत तीन मुलगे झाले होते आणि पुढे चौथ्यांदा दिवस गेले.

आता इथे एक गोष्ट आपण नेहमी घाईत उरकतो. तिला घराबाहेर का काढलं? 'नवऱ्याने संशय घेतला' म्हणतो आणि पुढे जातो. पण संशयाच्या आधी शेण होतं. हो, शेण. जंगलात चरणाऱ्या गुरांचं शेण गावच्या बायका गोळा करायच्या. ढिगारे उपसायच्या, कंबर मोडेपर्यंत. मग त्या शेणाचा लिलाव व्हायचा, पैसे वनखात्याच्या आणि गावातल्या वजनदार माणसांच्या हातात खेळायचे. बायकांना काहीच मिळत नव्हतं. सिंधूने विचारलं, आमची मजुरी कुठे आहे? प्रकरण कलेक्टरपर्यंत गेलं आणि निकाल बायकांच्या बाजूने लागला.

ज्याची कमाई बुडाली, त्याने बदला घेतला. लाठी-काठी वापरली नाही. एक वाक्य गावात सोडून दिलं, की तिच्या पोटातलं मूल माझं आहे. बास. आजच्या भाषेत सांगायचं तर एक फॉरवर्ड. खरं-खोटं तपासायची गरज कुणालाच वाटली नाही. नऊ महिन्यांची गरोदर बाई लाथा खाऊन गोठ्यात पडली. ऑक्टोबर १९७३. तिथेच, गाईंच्या पायांत, मुलगी जन्मली. नाळ तिने दगडाने ठेचून तोडली. सोळा घाव मोजल्याचं माई भाषणात सांगायच्या. बाळंतीण तशीच माहेरी गेली, तर आईनेही दार उघडलं नाही.

दोन्ही दारं बंद झाल्यावर विदर्भातली चौथी शिकलेली बाई, कडेवर काही दिवसांचं बाळ घेऊन, कुठे जाते? स्टेशनावर जाते.

का स्टेशनावर? विचार करा. चोवीस तास उजेड असतो, नळाला पाणी असतं, डोक्यावर छप्पर असतं. कुणी 'तू कोणाची?' असं विचारत नाही, कारण तिथे प्रत्येक जण कुठून तरी आलेला असतो. गावात अनोळखी बाई पाराखाली बसली, तर अर्ध्या तासात तिची जात निघते. स्टेशनावर ती नुसती 'पॅसेंजर' असू शकते.

काळही लक्षात घ्या. १९७२ चा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांसमोर 'बहात्तर' एवढं म्हटलं, तरी पुरतं. अव्वा तेव्हा नवी सून होती. रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची, सुकडी खायची, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खायची. त्या दोन वर्षांत महाराष्ट्राच्या रस्त्यांवर आणि स्टेशनांवर गाव सोडलेली माणसं भरपूर होती. सिंधू त्या गर्दीत शिरली. फरक एवढाच, की बाकीच्यांना पाऊस पडल्यावर परत जायला गाव होतं.

ती मनमाड, परभणी, नांदेड अशा स्टेशनांवर आणि त्या मार्गाच्या गाड्यांत फिरली. गळा चांगला होता. डब्यात शिरायचं, गाणं म्हणायचं, हात पुढे करायचा.

इथे कायद्याची एक गंमत सांगतो. हसू येणार नाही अशी गंमत. मुंबई भीक प्रतिबंधक कायदा, १९५९. त्याच्या व्याख्येत स्पष्ट लिहिलंय, की सार्वजनिक जागी गाऊन, नाचून, भविष्य सांगून किंवा एखादी वस्तू विकायच्या निमित्ताने दान मागणं, हीसुद्धा भीकच. त्याच्याही पुढे जाऊन, पोटापाण्याचं दिसेल असं साधन नाही आणि माणूस सार्वजनिक जागी अशा अवस्थेत भटकतोय, की तो मागूनच जगत असावा असं वाटतं, तर तोही भिकारी. म्हणजे हात पुढे केलाच पाहिजे असं नाही. तसं दिसलात, तरी पुरे. पहिल्यांदा पकडलं, तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृहात. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं दिल्लीपुरती रद्द केली. गरिबीला शिक्षा करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

आणि आमच्या दुधनीहून गाडी कर्नाटकात शिरली, की थोड्याच वेळात गाणगापूर रोड येतं. दत्ताचं गाणगापूर. तिथे दुपारी भक्त झोळी घेऊन माधुकरी मागतात. पाच घरं मागायची. श्रद्धा अशी, की दत्तमहाराज रोज दुपारी कुठल्या ना कुठल्या रूपात भिक्षेला येतात. माझे पुण्यातले टीम लीड तिथे जाऊन माधुकरी मागून आले. आल्यावर म्हणाले, 'अहंकार गळून पडतो यार.' मी खोटं म्हणत नाही, गळत असेल. पण बघा ना. ज्याच्या खिशात परतीचं तिकीट आहे, त्याने मागितलं की भिक्षा. जिच्याकडे परतायला घरच नाही, तिने मागितलं की भीक, आणि वर गुन्हा. भाकरी तीच असते. आपल्याकडे दोन्हींसाठी शब्दही वेगळे आहेत.

आता गोष्टीच्या गाभ्याकडे येऊ.

पंचवीस वर्षांची बाई, सोबत तान्हं मूल, रात्रीचा प्लॅटफॉर्म. भुकेइतकीच भीती पुरुषांची. दिवसा जो डब्यात पाच पैसे देतो, तोच रात्री काय करेल याचा भरवसा नाही. पोलिसांकडे जावं, तर वरचा कायदा. अशा वेळी सिंधूने काय केलं? माई सांगायच्या, की दिवसभरात जे मिळायचं ते ती एकटी खायची नाही. स्टेशनावरच्या बाकीच्या भिकाऱ्यांना बोलवायची आणि सगळे मिळून वाटून खायचे. आंधळे, लंगडे, म्हातारे, महारोगी. मग रात्री ती झोपायची, तेव्हा आजूबाजूला ही माणसं असायची.

मी इंजिनिअर माणूस, म्हणून मला हे फार व्यवहारी वाटतं आणि म्हणूनच आवडतं. तिच्याकडे गळा होता, म्हणून तिला चार तुकडे जास्त मिळत होते. त्यांच्याकडे संख्या होती आणि स्टेशनाची माहिती होती. कोणता हमाल चांगला, कोणत्या बाकाखाली वारा लागत नाही, कोणत्या गाडीनंतर जागा सोडायची. तिने भाकरी दिली, त्यांनी राखण दिली. कुणी कुणावर उपकार केले नाहीत. आपण माईंची गोष्ट सांगताना 'त्यांनी हजार अनाथांना जवळ केलं' इथून सुरू करतो. पण त्याच्या आधी स्टेशनावरच्या, आपण ज्यांच्याकडे बघतही नाही अशा माणसांनी तिला जवळ केलं होतं. पहिला आश्रम त्यांनी चालवला आणि त्यात राहणारी अनाथ ती होती.

सगळ्याच रात्री असं कडं मिळायचं नाही. मग ती स्मशानात जायची. माई हसत हसत सांगायच्या, रात्री तिथे माणूस येत नाही, भुताच्या भीतीने. माणसापेक्षा भूत बरं. प्रेताजवळ कुणीतरी पीठ ठेवून गेलेलं असायचं. त्या पिठाची भाकरी थापायची आणि चितेच्या निखाऱ्यावर भाजायची. हे ऐकताना सभागृहात टाळ्या पडायच्या. मला टाळी वाजवता येत नाही. कारण त्या गावात चुली होत्या ना. शेकडो चुली. त्यांतली एकही तिला मिळाली नाही आणि चिता मिळाली.

जीव द्यायचं तिने ठरवलं होतं. हा प्रसंग माईंच्या तोंडून वेगवेगळ्या वेळी थोडा वेगळा आलाय, पण गाभा एकच. मरायला निघालेली असताना वाटेत एक म्हातारा भिकारी तापाने फणफणलेला दिसला. पाणी मागत होता. तिने पाणी पाजलं, जवळचा भाकरीचा तुकडा भरवला. तो थोडा सावरला. आणि तिच्या लक्षात आलं, की आपण नसतो, तर हा मेला असता. म्हणजे आपली कुणाला तरी गरज आहे. मरायचं राहून गेलं.

बघा, कुणी तिला समुपदेशन केलं नाही, मदतीचा चेक दिला नाही. एका माणसाने तिच्याकडे पाणी मागितलं. तिला हाकलणाऱ्या सगळ्यांनी तिला एकच सांगितलं होतं, 'तुझी गरज नाही.' या म्हाताऱ्याने उलट सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, म्हणून भरभर सांगतो. रेल्वेच्या रुळांजवळ सापडलेला दीपक हा तिचा पहिला मानलेला मुलगा. म्हणजे पोरंही रस्त्यानेच दिली. सगळ्यांची आई व्हायचं, तर पोटच्या पोरीकडे मन ओढ घेणार, म्हणून ममताला पुण्याच्या दगडूशेठ हलवाई गणपती ट्रस्टच्या हवाली केलं. हा निर्णय मला अजून पचत नाही. तुम्हाला पचतो का, मला नक्की सांगा. मग चिखलदरा. मेळघाट हा देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. वाघांसाठी आदिवासींची गावं हलवायला घेतली, तेव्हा ती त्यांच्या बाजूने उभी राहिली. प्रश्न जुनाच होता, शेणाच्या लिलावासारखाच. जंगलात राबणाऱ्याला काय मिळणार? पुढे संस्था उभ्या राहिल्या. हडपसरला सन्मती बाल निकेतन, सासवडजवळ कुंभारवळणला ममता बाल सदन, वर्ध्याला गाईंसाठी गोरक्षण केंद्र. गाई का, ते गोठ्यातली रात्र आठवली की कळतं.

चिखलदऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहाला नाव दिलं सावित्रीबाई फुले. हे नाव तिथे फार बरोबर बसलंय. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला फसवणुकीतून दिवस गेले, लाजेपोटी तिने मूल मारलं आणि तिला जन्मठेपेवर अंदमानला पाठवलं. फसवणारा मोकळा राहिला. त्यानंतर फुल्यांनी आपल्या घरात दार उघडलं, की इथे या, बाळंत व्हा, कुणी काही विचारणार नाही. १८८४ पर्यंत पस्तीस बायका आल्याचं जोतीरावांनी लिहून ठेवलंय. पुण्यात असं एक दार १८६३ मध्ये उघडलं होतं. त्यानंतर एकशे दहा वर्षांनी वर्धा जिल्ह्यातल्या एका बाळंतिणीसाठी एकही दार उघडं नव्हतं. इतिहास आपोआप पुढे जात नाही, मंडळी. कुणीतरी दार उघडं धरून उभं राहावं लागतं.

शेवटी तो नवराही आला. म्हातारा, थकलेला. माईंनी त्याला ठेवून घेतलं, पण सांगितलं, की आता मी फक्त आई आहे, मुलगा म्हणून राहायचं असेल तर राहा. आलेल्यांना त्या ओळख करून द्यायच्या, हा माझा सगळ्यात मोठा मुलगा. लोक याला क्षमा म्हणतात. असेलही. मला मात्र वाटतं, यात थोडा मिस्कील हिशेबही होता.

२०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. वर्षभराच्या आतच, ७३ व्या वर्षी, माई गेल्या.

आता परत दुधनी. त्या स्टेटसनंतर काही दिवसांनी मी घरी गेलो. रात्री गाडीतून उतरलो, तर नळाजवळची जागा रिकामी. म्हणजे ती कित्येक वर्षं रिकामी होती, मी पहिल्यांदाच बघत होतो. घरी जेवताना अव्वाला विचारलं, 'अव्वा, ती स्टेशनावरची भिकारीण होती बघ, ती कुठं गेली?'

अव्वाने भाकरी थापायची थांबवली. म्हणाली, 'भिकारीण कशाला म्हणतोस तिला? माझी पाटी कोण उचलू लागत होतं मग?'

मला काहीच कळेना. मग तिने सांगितलं. माझे आजोबा गेल्यावर अव्वा बरीच वर्षं सकाळच्या पॅसेंजरने सोलापूरला भाजी घेऊन जायची. भरलेली पाटी एकट्या माणसाला डोक्यावर घेता येत नाही. उचलून कमरेपर्यंत येते, पुढे येत नाही. समोरून कुणीतरी हात लावावाच लागतो. पहाटेच्या अंधारात स्टेशनावर हात लावायला कोण असणार? ती असायची. अव्वा दोन भाकऱ्या जास्त करून न्यायची. एक तिची, एक आपली. नळाजवळ बसून दोघी खायच्या, मग गाडी यायची, मग ती पाटी चढवून द्यायची. कित्येक वर्षं.

अव्वाला तिचं नाव माहीत होतं. गाव माहीत होतं. मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी काढलं होतं, हे माहीत होतं. भावाने ठेवून घेतलं नाही, हेही. एका पावसाळ्यात ती आजारी पडली आणि स्टेशनातच गेली. अव्वा म्हणाली, 'त्यानंतर मी भाजी बंद केली. पाटी कोण चढवणार?'

मला वाटत होतं, अव्वा थकली म्हणून तिने धंदा बंद केला.

तिचं नाव मी इथे सांगणार नाही. ती असताना मी ते कधी विचारलं नाही, आता भागाला शोभा यावी म्हणून वापरणं बरं वाटत नाही. पण मला ते माहीत आहे, आणि आमच्या घरात तिला आता त्याच नावाने ओळखतात.

तुम्ही हे कदाचित एखाद्या प्लॅटफॉर्मवर उभं राहून वाचत असाल. तिथे नळाजवळ कुणी बसलेलं असेल. लगेच आश्रम काढा असं मी म्हणत नाही, मीही काढलेला नाही. फक्त तिने काही विचारलं, तर कानातलं काढा आणि काय विचारतेय ते ऐका.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.